बैठकीतला संप

परवा सौदीतल्या जुबैलहून युसूफभाईंचा फोन आला. युसूफभाई मूळचे श्रीवर्धनचे, जुबैलला अवजड यंत्रं उचलणाऱ्या टोळीचे मुकादम. आमचा मुक्काम हलून इतकी वर्षं झाली तरी अधूनमधून आठवण काढतात. "भाभी, शटडाऊन लागला," म्हणाले. आवाजात असं कौतुक, की कोकणातून कुणी आंब्याला मोहोर आल्याचं कळवावं.

फोन ठेवला आणि चिंचवडच्या या कोरड्या, धुळकट जानेवारीत मला एकदम ओल्या लोखंडाचा वास आला.

जुबैलला ऋतू दोनच. उन्हाळा आणि शटडाऊन. उन्हाळ्यात तिथे काहीच उघडता येत नाही, ना खिडकी ना कारखाना. थंडी पडली की मग एकेक कारखाना काही आठवडे बंद ठेवतात, यंत्रं खोलतात, झिजलेलं काढतात, नवं बसवतात. त्या दिवसांत सगळ्या गावाची चाल बदलते. पहाटे समुद्रावरून धुकं येतं आणि रस्त्यातले कठडे, बसथांबे, गच्चीतल्या वाळत घालायच्या तारा, सगळं ओलं करून जातं. धुक्यातून कंत्राटदारांच्या बसगाड्या एकामागून एक जातात. एरवी क्षितिजावर कायम पेटलेली चिमणीची ज्वाला एके दिवशी विझते आणि आपल्या लक्षात येतं, अरे, अंधार असा असतो होय! कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, ओली मेथी येते. शाळांच्या परीक्षा तोंडावर येतात. आणि घरातला पुरुष निळ्या डगल्यात पहाटे जातो तो दिवेलागणीलाच दिसतो.

असे कितीतरी हिवाळे आम्ही तिथे काढले. पण शटडाऊन म्हटलं की मला आठवतो तो एकच. दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतला. होर्स्टचा हिवाळा.

माझा नवरा शेखर तिथल्या एका रसायन कारखान्यात देखभालीच्या कामावर इंजिनिअर होता. मी लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकलेली, यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणून देण्याचं काम करणारी. जुबैलला आल्यावर माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, स्पष्ट छापलेलं होतं की या बाईला काम करायला परवानगी नाही. त्यामुळे माझं जर्मन फडताळात वरच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेल्या शालूसारखं पडून होतं. कधीमधी भाजी निवडताना मी स्वतःशीच एखादं वाक्य म्हणून बघायची. कसर लागली नाही ना, एवढंच.

त्या हिवाळ्यात शेखरच्या कारखान्यातला मोठा कॉम्प्रेसर उघडायचा होता. वायू दाबून पुढे ढकलणारं ते यंत्र, सबंध कारखान्याचं हृदय म्हणा. ते जर्मनीतून आलेलं, म्हणून उघडायलाही तिथलाच माणूस यायचा. एका शुक्रवारी दुपारी शेखर त्याला घरी घेऊन आला. "याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी जुळत नाहीये," तो म्हणाला. "तू जरा मध्ये बस."

दारातून आत येताना नकळत मान झुकवणारा उंच माणूस. साठीकडे झुकलेला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सोफ्यावर अगदी कडेला बसला, जणू तो मोडेल. मी त्याला त्याच्या भाषेत विचारलं, "चहा घेणार की कॉफी?"

होर्स्टचे खांदे खाली आले. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणसाचे खांदे खाली येतात, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आणि माझं काय झालं ते त्यांना कुठे ठाऊक! नकाशे मांडले गेले, बेअरिंग, झडपा, कुठे किती फट हवी, सगळं इकडून तिकडे माझ्या तोंडून जाऊ लागलं. शब्द अडखळत आले, मग सरळ आले. चहा गार झाला. शेखर माझ्याकडे असा बघत होता, जसं घरात अनेक वर्षं असलेलं एखादं कपाट आज पहिल्यांदा उघडलंय.

मग दर शुक्रवारी ते येऊ लागले. एरवी शटडाऊनमध्ये सुट्टी नसायचीच, पण शुक्रवारी नमाजानंतर जरा उसंत मिळे. थालीपीठ त्यांना फार आवडलं. लोण्याशिवाय आणखी काही नको म्हणायचे. आमच्या मुक्ताला, तेव्हा ती सातवीत होती, गणितं घालायचे. ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, ते जर्मनमध्ये शाबासकी द्यायचे, आणि दोघांना मध्ये कुणाचीच गरज पडायची नाही.

एकदा जेवताना ते सहज म्हणाले, की ते त्यांच्या कारखान्याच्या कामगार मंडळावर निवडून आलेले आहेत. पुष्कळ वर्षांपासून. युनियनचे तर पोरवयापासूनचे सभासद. मी पोळी वाढता वाढता म्हटलं, "माझे वडीलही. पिंपरीला एका इंजिनांच्या कारखान्यात. कमिटी मेंबर होते ते."

होर्स्टनी घास खाली ठेवला. जर्मनमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' असतं. आम्ही आतापर्यंत एकमेकांना काटेकोर 'तुम्ही' म्हणत होतो. ते म्हणाले, "मग हे चालायचं नाही. युनियनमध्ये सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. तू कमिटी मेंबरची मुलगी. आजपासून मी होर्स्ट, आणि तू 'तू'."

जर्मनमध्ये मी त्यांना 'तू' म्हणायला शिकले. मराठीत मात्र जमलं नाही. मनात ते 'ते'च राहिले.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! बाबांचं सगळं आयुष्य त्या कारखान्याच्या गेटसमोर गेलेलं. गेटसभा, हत्यारं खाली ठेवून टूलडाऊन, निलंबन, पुन्हा कामावर घेणं. मी लहान असताना त्यांचा एक लांबलेला संप चालला होता. आई आणि शेजारच्या बाया मोठ्या पातेल्यात भाजी करून भाकऱ्यांच्या चळतीसकट गेटवर नेत. मी पाण्याची कळशी धरून मागे. माझ्या लहानपणीचा भाकरीचा वास घरातला नाही, त्या गेटवरचाच आहे. आता बाबा निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि त्यांचं ऐकून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ नितीन डिप्लोमा करून एका कंत्राटातून दुसऱ्या कंत्राटात उड्या मारत होता. त्याला गेटच्या गोष्टी ऐकायला वेळ नव्हता.

"त्याला दे फोन," बाबा म्हणाले.

"बाबा, त्यांना मराठी येत नाही."

"मग तू आहेस कशाला?"

असा तो शुक्रवारचा फोन सुरू झाला. फोनकार्डावरचा लांबलचक आकडा दाबायचा, स्पीकर सुरू करायचा, आणि मी मध्ये. चिंचवडचे एक गृहस्थ आणि जर्मनीतल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावातले एक गृहस्थ, जुबैलमधल्या आमच्या बैठकीत भेटायचे.

बाबांचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. "त्यांच्याकडे म्हणे कामगार आणि मालक एका टेबलाला बसतात?"

होर्स्ट म्हणाले, "हो. मोठ्या कंपनीत कारभारावर देखरेख करणाऱ्या वरच्या मंडळातल्या निम्म्या खुर्च्या आमच्या."

बाबा म्हणाले, "विचार त्याला, खुर्ची सारखीच असते का? की मालकाची उंच?"

मी हे भाषांतरित केलं तेव्हा होर्स्ट इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "सारखीच. कॉफीसुद्धा सारखीच. तरी शेवटी मत त्यांचंच जड पडतं. तुमच्याकडे कसं असतं?"

"आमच्याकडे खुर्ची नाही, गेट असतं," बाबा म्हणाले. "ते आत, आम्ही बाहेर. पण बाहेर उभं राहिलं की आतल्यांना ऐकू जातं."

सौदीत यातलं काहीच नव्हतं. युनियन हा शब्दसुद्धा तिथे कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. होर्स्टना हे माहीत होतं आणि पाहुण्यानं कसं वागावं हेही. पण यंत्राच्या पोटात वाकून काम करणारी माणसं, त्यात युसूफभाईंचीही टोळी आली, चहासुद्धा न घेता तासन्‌तास आत असतात हे त्यांनी पाहिलं. एके दिवशी त्यांनी यंत्रावर लाल चिठ्ठी लावली आणि काम थांबवलं. शेखरचे साहेब, अबू सालेह, धावत आले. होर्स्ट शांतपणे म्हणाले, "थकलेल्या हातातून एक नट आत पडला, तर तो शोधायला आपल्याला आठवडा लागेल. हा सेफ्टीचा प्रश्न आहे." अबू सालेहनी यंत्राकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि 'यल्ला', चला चला, म्हणत कुणाला तरी पिटाळलं. त्या दिवसापासून सकाळ-दुपार चहाची गाडी यायला लागली.

युसूफभाई पापलेट द्यायला आले तेव्हा दारातच मला म्हणाले, "भाभी, हा गोरा हुशार हाय. 'युनियन' बोलत नाय, 'सेफ्टी' बोलतो. पण चाय आली ना!"

हे सगळं असं छान चाललं होतं. आणि मग एका धुक्याच्या सकाळी होर्स्ट आमच्या दारात उभे. शुक्रवार नव्हता. शेखर बरोबर होता, तो त्यांना कामावरूनच घेऊन आला होता. होर्स्ट बसले नाहीत. उभ्या उभ्याच मला विचारलं, "चाकण कुठे आहे?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांच्या तोंडून ते नाव असं आलं, की एखादी ओळखीची बाई परक्या वेषात समोर यावी.

"माझ्या माहेराजवळ," मी म्हटलं. "स्कूटरवरून जाता येतं."

मग ते बसले. घरून फोन आला होता. त्यांच्या कंपनीनं ठरवलं होतं, की लहान कॉम्प्रेसर बनवायची सगळी लाईन नदीकाठच्या त्या गावातून उचलायची आणि चाकणला मांडायची. त्या लाईनवर होर्स्टनी पोरवयात शिकाऊ म्हणून काम केलं होतं. त्यांच्या वडिलांनीही. त्यांचा पुतण्या आज तिथे होता. गावात दुसरा कारखाना नव्हता.

वर्तमानपत्रात 'भारत-जर्मनी व्यापारसंबंध दृढ होणार' असे मथळे येतात. शेजारी दोन पुढारी हात मिळवताना. मी ते नेहमी अभिमानानं वाचत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्या छायाचित्राबाहेरचा माणूस दिसत होता, आणि तो माझ्या सोफ्यावर बसला होता. त्याहून वाईट म्हणजे मला नितीनचं बोलणं आठवत होतं. गेल्याच आठवड्यात तो उत्साहानं सांगत होता, "ताई, चाकणला जर्मन कंपनी येतेय. भरती होणार आहे. मी अर्ज टाकतोय."

होर्स्ट गेल्यावर मी बाबांना फोन केला. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "शुक्रवारी त्याला बोलव. हे त्याला माझ्याकडून कळलं पाहिजे."

शुक्रवार आला. त्या दिवशी मी थालीपीठ केलं नाही, सुचलंच नाही. स्पीकर सुरू केला. बाबा म्हणाले, "सुनू, एकही शब्द इकडचा तिकडे करू नकोस. सांग त्याला, तुमची लाईन इथे येतेय आणि माझा मुलगा तिथे कामाला अर्ज करतोय. मी त्याला थांबवणार नाही. त्याला नोकरीची गरज आहे. पण माझ्या घरात जे येणार ते कुणाच्या घरातून जातंय हे मला माहीत आहे. एवढंच."

मी सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. होर्स्ट खाली गालिच्याकडे बघत होते. शेखर उठून खिडकीशी गेला. खिडकीबाहेर धुकं विरळ होत होतं आणि समोरच्या गच्चीत कुणाच्या तरी लहान मुलांची मोजे-टोपडी वाळत होती. ती मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

मग होर्स्टनी मान वर केली. "विचार त्यांना," ते म्हणाले, "नोकरी कायम आहे, की कंत्राटी?"

मी विचारलं. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं कार्ड संपलं. मग लक्षात आलं की बाबा हसताहेत, किंवा तसंच काहीतरी.

"कंत्राटी," बाबा म्हणाले. "अकरा महिन्यांची. मग घरी. मग परत अकरा महिने."

होर्स्ट संतापले. इतक्या शुक्रवारांत मी त्यांना संतापलेलं पाहिलं नव्हतं. लाईन जाणार हे सांगताना ते खचले होते, संतापले नव्हते. आता मात्र हात हलवून बोलत होते आणि भाषांतर करताना मला त्यांच्यामागे धावावं लागत होतं. "आमच्याकडून काढताना ते म्हणाले, तिकडच्या लोकांना चांगलं काम मिळेल, तुम्ही स्वार्थी होऊ नका! आणि तिकडे हे असं? म्हणजे आमचं काम कुणाला मिळतच नाहीये. मध्येच गायब होतंय!"

बाबा पलीकडून म्हणाले, "सुनू, काय म्हणतोय तो? ओरडतोय चांगला, पण काय?"

मी सांगितलं. बाबांनी एक मोठा श्वास सोडला. "हा माणूस आपला आहे," ते म्हणाले. हे मी भाषांतरित केलं की नाही, आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात होर्स्टच्या युनियननं एक दिवसाचा इशारा संप पुकारला. त्यांच्या गावात बर्फ पडत होता. कामगार लाल जाकिटं घालून गेटसमोर पिंपांत लाकडं पेटवून उभे राहणार होते. बाहेरदेशी कामावर गेलेल्यांनीही त्या दिवशी हत्यार खाली ठेवायचं होतं. होर्स्ट निवडून आलेले. त्यांनी काम करणं शक्यच नव्हतं. आणि इकडे कॉम्प्रेसरचं झाकण बसवायचा तोच दिवस. झाकण बसलं नाही तर पुढचं सगळं अडणार, कारखाना सुरू व्हायला उशीर होणार. त्याचं उत्तर शेखरनं द्यायचं. शिवाय सौदीत परदेशी माणसानं संप करणं म्हणजे थेट विमानतळावर रवानगी. शेखरला दोन दिवस जेवण गेलं नाही. मला एकदा चिडून म्हणालाही, "त्याचं तत्त्व आणि माझी नोकरी!" आणि मग लगेच, "पण तो बरोबर आहे गं."

होर्स्टना लपवाछपवी जमेना. ते सरळ अबू सालेहच्या खोलीत गेले. शेखर बरोबर होता, त्यानं घरी येऊन सांगितलं ते असं. होर्स्टनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. गाव, लाईन, चाकण, उद्याचा संप. अबू सालेहनी वेलदोड्याची कॉफी ओतली, पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू आत्ता जो शब्द बोललास तो मी ऐकला नाही. पण तुझा चेहरा बरा दिसत नाही. तुला ताप आहे."

"नाही," होर्स्ट म्हणाले. "मला ताप नाही."

अबू सालेह उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. "आहे," ते म्हणाले. "उद्या घरी. परवा सकाळी बरा. खलास." मग शेखरकडे वळून म्हणाले, "उद्या पाइपांची सफाई राहिली आहे ना? ती करून घे. झाकण परवा." होर्स्ट दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "माझे आजोबा मोती काढायला समुद्रात जायचे. पुढे बाजारात शिंपले पाळून पिकवलेले स्वस्त मोती आले आणि आजोबांची होडी किनाऱ्यावर पडली ती पडलीच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच होर्स्ट आमच्याकडे आले. इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून. "संपात माणसानं एकटं बसू नये," ते म्हणाले. मुक्ताला अभ्यासाची सुट्टी होती, ती पुस्तकं घेऊन जवळच बसली. बाहेर गेट नाही, बर्फ नाही, आग नाही. फक्त आमची बैठक, ओढलेले पडदे आणि सोफ्यावर एक संपकरी. त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. मुक्ताची पेन्सिल घेऊन टोक काढायचे, परत ठेवायचे.

मी स्वयंपाकघरात जाऊन मोठं पातेलं काढलं. खरं तर तीन-चार माणसांना कशाला लागतं ते, पण लहान पातेल्याला हात जाईना. पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. थापताना माझ्या लक्षात आलं की आईनं हे किती वेळा केलं, आणि मी ते फक्त पाण्याच्या कळशीमागून पाहिलं.

बाबांना फोन लावला. मी म्हटलं, "बाबा, झालाय सुरू."

"घोषणा दिल्या?"

"बाबा, इथे घोषणा कसल्या! भिंतीपलीकडे शेजारी आहेत."

"हळू द्यायच्या. पण द्यायच्या. घोषणेशिवाय संप म्हणजे रजा झाली नुसती."

होर्स्टना सांगितलं. ते ताबडतोब उठून उभे राहिले. बाबांनी चिंचवडहून आवाज दिला, "कामगार एकजुटीचा..." आणि मी होर्स्टना पुढचे दोन शब्द शिकवले. जुबैलमधल्या त्या बैठकीत, पडदे ओढून, एक साडेसहा फुटी जर्मन माणूस दबक्या आवाजात मूठ उंचावून म्हणाला, "विजे असो!"

"विजय," बाबा म्हणाले. "पुन्हा."

"मम्मा, इज धिस अलाउड?" मुक्तानं डोळे मोठे करून विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत तीही उभी राहिली. पुढची घोषणा आम्ही तिघांनी मिळून दिली, मुक्ताचा आवाज सगळ्यांत स्पष्ट.

मग बाबांचा सूर बदलला. "सुनू, माझं मलाच कळेना झालंय. लाईन इकडे आली तर नितीनचं भलं. आणि मी घोषणा देतोय ती येऊ नये म्हणून."

"हे सांगू त्यांना?"

"सांग की. लपवायचंय काय?"

होर्स्ट ऐकून खाली बसले. थोडा विचार करून म्हणाले, "त्यांना सांग, माझंही तेच आहे. मी इथे हे यंत्र इतकं छान बसवून देतोय. इथला माल स्वस्त. त्यामुळे आमच्याकडचा कुठला तरी रसायनांचा कारखाना बंद पडणार, हे मला दिसतंय. तिथेही माझ्या युनियनमधलीच माणसं असतील. आपण काम चांगलं करतो, आणि मग ते कुठे जातं हे आपल्याला कुणी विचारत नाही."

दुपारी शेखर जेवायला आला, कधी नव्हे तो. आम्ही सगळे खाली बसून जेवलो. होर्स्टना मांडी घालता येईना, त्यांनी लांबच लांब पाय पसरले. संपावरच्या माणसाला भूक फार लागते, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी होर्स्ट बरे झाले. झाकण बसलं. धुकं पडायचं थांबलं, वाऱ्याबरोबर वाळू यायला लागली, आणि एका संध्याकाळी मी गच्चीतून कपडे काढत असताना क्षितिजावर ज्वाला पुन्हा उभी राहिली. कारखाना सुरू झाला होता. त्याच आठवड्यात होर्स्ट गेले. निघताना अबू सालेहनी त्यांना विचारलं म्हणे, "पुढच्या वेळी यंत्र उघडायला तूच येशील ना?" होर्स्ट म्हणाले, "कदाचित चाकणचा माणूस येईल. त्याला चहा द्या."

पुढे काय झालं तेही सांगते. लाईन गेली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. म्हातारे घरी बसले, तरुणांना दुसऱ्या विभागांत सामावून घेतलं. भांडून एवढं हाती आलं. मालकांबरोबरच्या त्या टेबलावर होर्स्टनी चाकणच्या कंत्राटाचा विषय काढला. त्यांच्याच काही लोकांना तो आवडला नाही. आपलं जातंय आणि हा तिकडच्यांचं काय बोलतोय, म्हणाले. त्यातून फार काही निघालं नाही. नितीन कंत्राटीच लागला. पुढे काही वर्षांनी तिथल्या पोरांनी स्वतःच युनियन बांधली, तेव्हा त्यातले बरेच कायम झाले, नितीनही. त्या पोरांना गेटसभा कशी घ्यायची हे कुणी शिकवलं, ते मी वेगळं सांगायला नको. बाबांच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या ओसरीवर पुन्हा चपलांचा ढीग पडायला लागला होता.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. लाईन चाकणला मांडायची वेळ आली तेव्हा कंपनीनं ती बसवून द्यायला होर्स्टनाच पाठवलं. निवृत्तीआधीचं त्यांचं शेवटचं काम. आम्ही तेव्हा जुबैललाच. एका रविवारी ते पत्ता विचारत विचारत चिंचवडला बाबांच्या घरी पोचले. नितीनचा मला फोन, "ताई, ते आलेत. बाबा मला थांबू देत नाहीत, दुकानात पिटाळलंय."

माझा जीव खालीवर. दोघं एकटे! बाबांना मराठीशिवाय जेमतेम हिंदी, होर्स्टना जर्मनशिवाय जेमतेम इंग्रजी. मी नसताना करणार काय? नुसते बघत बसतील एकमेकांकडे. मी हातातलं काम टाकून फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग बाबांनी उचलला. मागे बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी टेबलावर बोटांनी काहीतरी आखून दाखवावं तशी टकटक आली. मग होर्स्टचं ते दणदणीत हसणं.

"बाबा, स्पीकर लावा," मी म्हटलं. "मी सांगते दोघांना. काय म्हणताहेत ते?"

"अगं, काही अडलेलं नाही," बाबा म्हणाले. घाईत होते. "तू ठेव बघू फोन. आम्ही बोलतोय."